'ड्यू टू' की 'बिकॉज ऑफ'? गूगलचा एन्ग्राम व्ह्यूअर या एका प्रश्नापुरता तपासला

इंग्रजीत कारण सांगायचं झालं की सगळ्यात आधी हाताशी येतो तो 'ड्यू टू'. अर्ज, अहवाल, सूचनाफलक, प्रबंध, रजेची चिठ्ठी, काहीही उघडा, तो असतोच. आणि नेमका तोच खोडून वर लाल शाईने 'बिकॉज ऑफ' लिहिणारे परीक्षक आणि संपादकही असतात. का खोडलं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मग लिहिणारा धसका घेऊन सगळीकडे 'बिकॉज ऑफ' लिहू लागतो आणि जिथे 'ड्यू टू'च चपखल बसत होता ती वाक्यंही बिघडवून ठेवतो.

हा वाद मिटवायला हल्ली बरेच जण गूगल बुक्सच्या एन्ग्राम व्ह्यूअरकडे धाव घेतात. छापील पुस्तकांत कुठला शब्दप्रयोग किती वेळा येतो ते हे साधन वर्षवार आलेखात दाखवतं. दोन शब्दप्रयोग टाकायचे, कुठली रेघ वर आहे ते बघायचं आणि निकाल द्यायचा. साधन फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही, उत्तर दोन सेकंदांत येतं. पण 'ड्यू टू'च्या बाबतीत जसंच्या तसं टाकून पाहिलं तर ते हमखास फसवतं. विचारायची पद्धत कळली की मात्र याच्याइतका भक्कम पुरावा देणारं दुसरं साधन शोधावं लागेल. या लेखात त्याचं परीक्षण फक्त याच एका शब्दप्रयोगापुरतं केलं आहे.

आधी मूळ आक्षेप काय आहे ते बघू. तो न समजता शोध घेतला तर आलेखातून हवं ते उत्तर काढता येतं.

'ड्यू' हे मुळात विशेषण आहे. जुन्या फ्रेंचमधून मागे गेलं की ते लॅटिनमधल्या 'देबेरे', म्हणजे देणं लागणं, या क्रियापदापाशी पोचतं. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात, तो शब्दही याच घरातला. म्हणजे 'ड्यू'चा मूळ अर्थ 'देय', आणि त्यावरूनच पुढे 'ज्याचं श्रेय किंवा दोष अमक्याकडे जातो ते' असा अर्थ आला. विशेषणाला टेकायला नाम लागतं. 'द डिले वॉज ड्यू टू रेन' या वाक्यात 'डिले' हे नाम आहे आणि 'ड्यू टू रेन' त्याच्याविषयी बोलतं. इथे कुणाचाच आक्षेप नाही. 'द ट्रेन वॉज लेट ड्यू टू रेन' या वाक्यात मात्र 'ड्यू' कुणाला टेकलं? गाडीला नाही. गाडी काही पावसापासून निर्माण झालेली नाही. ते टेकलं आहे उशिरा येण्याच्या सबंध घटनेला, म्हणजे विशेषणाने क्रियाविशेषणाची जागा घेतली. जुन्या शिस्तीच्या लोकांना खटकतं ते एवढंच. इंग्रजी लेखनशैलीवर पुस्तक लिहिणाऱ्या विल्यम स्ट्रंक यांनी १९१८ मध्ये ही चूक म्हणून नोंदवली. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या हेन्री फाउलर यांनी १९२६ मध्ये आणखी कडक भूमिका घेतली आणि हा वापर अशिक्षितांच्या खात्यात टाकला. शाळा-महाविद्यालयांतून आजही जो नियम कानावर येतो तो या दोघांच्या काळातला.

मराठी माणसाला हा फरक आपोआप जाणवत नाही, याला कारण आपला 'मुळे'. 'गाडी पावसामुळे उशिरा आली' आणि 'उशीर पावसामुळे झाला', दोन्हीकडे तेच शब्दयोगी अव्यय. नामाच्या सामान्यरूपाला ते चिकटवलं की आपलं काम झालं. नामाबद्दल बोलतोय की घटनेबद्दल, असा प्रश्न मराठीत पडतच नाही. म्हणून 'मुळे' म्हणजे 'ड्यू टू' असं समीकरण मनात बसतं आणि ते अर्ध्या वेळा कडक परीक्षकासमोर आपटतं.

पण उपायही मराठीतच आहे. 'मुळे'च्या पुढे 'झालेला', 'आलेली', 'होणारं' यांपैकी काहीतरी लावून बघायचं. 'पावसामुळे झालेला उशीर' हे बरोबर बसतं, म्हणून 'डिले ड्यू टू रेन' निर्धोक. 'आगीमुळे झालेलं नुकसान' बसतं, म्हणून 'लॉसेस ड्यू टू फायर' निर्धोक. 'हा त्रास अपचनामुळे होणारा आहे' बसतं, म्हणून 'द पेन इज ड्यू टू इनडायजेशन' निर्धोक. आता गाडीच्या वाक्यात लावून बघा. 'पावसामुळे झालेली गाडी' म्हटलं की हसू येतं. जिथे असं हसू येतं तिथे कडक नियमाप्रमाणे 'बिकॉज ऑफ' किंवा त्याच अर्थाचा 'ओइंग टू'. इंग्रजी व्याकरणाची परिभाषा पाठ करण्यापेक्षा ही कसोटी लवकर हाती लागते आणि क्वचितच दगा देते.

आता साधनाकडे. एन्ग्राम व्ह्यूअर डिसेंबर २०१० मध्ये लोकांसाठी खुला झाला. सुरुवातीच्या संचात सुमारे ५० लाख पुस्तकं होती, म्हणजे आजवर छापल्या गेलेल्या पुस्तकांपैकी अंदाजे चार टक्के. २०१२ मध्ये संच वाढून ८० लाखांच्या वर गेला आणि शब्दांना नाम, क्रियापद, विशेषण अशा व्याकरणाच्या खुणा लागल्या. आपल्या प्रश्नासाठी ती भर मोलाची ठरते. शोधचौकटीत स्वल्पविराम देऊन अनेक शब्दप्रयोग टाकता येतात. खाली वर्षांची मर्यादा, कुठला संच हवा ते (सगळं इंग्रजी, अमेरिकन, ब्रिटिश, कथा-कादंबऱ्या), मोठी-लहान अक्षरं एकत्र मोजायची का, आणि रेघ किती गुळगुळीत करायची, एवढे पर्याय असतात.

गुळगुळीतपणाचा आकडा ३ ठेवला तर प्रत्येक वर्षाचा बिंदू त्या वर्षासह मागची तीन आणि पुढची तीन अशा सात वर्षांची सरासरी दाखवतो. दीर्घ कल बघायला हे ठीक. एखादा बदल नेमका कधी झाला हे बघायचं तर तो शून्य करा. नाहीतर प्रत्यक्षात एका वर्षातला उसळता आकडा अलीकडे-पलीकडे पसरून टेकडीसारखा दिसतो आणि त्यावरून भलतेच निष्कर्ष निघतात.

बहुतेक जण पहिला शोध घेतात तो असा: 'ड्यू टू, बिकॉज ऑफ, ओइंग टू', सगळं लहान अक्षरांत. हा शोध निरुपयोगी आहे, आणि का ते कळणं हाच या परीक्षणाचा गाभा आहे.

पहिली अडचण म्हणजे इंग्रजीत 'ड्यू टू' तीन वेगळ्या कामांना येतो. एक, देणं: 'द सम ड्यू टू हिम', त्याला देय असलेली रक्कम. दोन, ठरलेली वेळ: 'द फ्लाइट इज ड्यू टू लँड ॲट नाइन', विमान नऊला उतरायचं आहे. तीन, कारण. यंत्र शब्द मोजतं, त्याला अर्थ कळत नाही. तिन्ही एकाच रेघेत मिसळतात. त्यातला वेळेचा अर्थ वेगळा काढता येतो, कारण तिथे पुढे क्रियापद येतं. चौकटीत 'ड्यू टू' लिहून त्यापुढे जागा सोडून क्रियापदाची खूण, म्हणजे मोठ्या अक्षरांत 'व्हर्ब' आणि त्याच्या दोन्ही बाजूंना अधोरेषा, अशी टाकली की क्रियापद पुढे असलेली उदाहरणं स्वतंत्र मोजली जातात. मग कंसात मूळ आकड्यातून ही वजा करता येतात. वजाबाकीच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायला विसरू नका, नाहीतर यंत्र त्याला जोडशब्दातली आडवी रेघ समजतं.

दुसरी अडचण मोठी आहे. वाद ज्यावर आहे तो 'गाडी उशिरा आली' पद्धतीचा वापर आणि ज्यावर वाद नाही तो 'उशीर पावसामुळे' पद्धतीचा वापर, दोन्ही लहान अक्षरांत अगदी सारखेच दिसतात. रेघ वर गेली म्हणून वादग्रस्त वापर वाढला असं म्हणता येत नाही. निव्वळ 'वॉज ड्यू टू' वाढला असेल तरी रेघ वरच जाईल.

यातून सुटायला एक साधी युक्ती आहे. वाक्याच्या सुरुवातीला येणारा 'ड्यू टू' जवळजवळ नेहमी वादग्रस्त प्रकारचाच असतो: 'ड्यू टू रेन, द ट्रेन वॉज लेट'. आणि वाक्याच्या सुरुवातीला 'डी' मोठा असतो. म्हणजे मोठी-लहान अक्षरं एकत्र मोजण्याचा पर्याय बंद ठेवून, मोठ्या 'डी'ने आणि मोठ्या 'ओ'ने 'ड्यू टू' आणि 'ओइंग टू' शोधले, तर आपल्याला हवा तो प्रकार बराचसा वेगळा निघतो.

बराचसा, पण पुरता नाही. मोठा 'डी' आणखी दोन ठिकाणी दिसतो. एक, शीर्षकांत, जिथे प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं छापतात. 'डेथ्स ड्यू टू फीव्हर' अशा प्रकरणाच्या नावात 'ड्यू' नामाला टेकलेला आहे, म्हणजे निर्दोष वापर, तरी तो वादग्रस्त म्हणून मोजला जातो. दुसरं ठिकाण सहसा लक्षात येत नाही: ताळेबंद. बँकांच्या जुन्या छापील अहवालांत देण्यांच्या रकान्यात ओळीच्या सुरुवातीलाच 'ड्यू टू बँक्स' असं असतं. हा सरळ 'देय' अर्थ, कारणाशी संबंध नाही. एकोणिसाव्या शतकातली पुस्तकं बघताना हा कचरा चांगलाच जाणवतो.

दोन्ही एका फटक्यात गाळायचे तर शब्द वाढवा: मोठा 'डी' घेऊन 'ड्यू टू लॅक ऑफ', आणि मोठा 'ओ' घेऊन 'ओइंग टू लॅक ऑफ'. 'लॅक' मात्र लहान 'एल'नेच. शीर्षकांत 'लॅक'चा 'एल'ही मोठा असतो, त्यामुळे शीर्षकं आपोआप गळतात. ताळेबंदात 'अभावाला देय' असं काही नसतंच, त्यामुळे तेही गळतं. उरतं ते फक्त वाक्याच्या आरंभी येणारं, कारण सांगणारं 'च्या अभावी'. १८५० पासून पुढचा काळ घ्या. आलेखात 'ओइंग टू'ची रेघ विसाव्या शतकात खाली येताना आणि 'ड्यू टू'ची वर चढताना दिसते. म्हणजे फाउलर ज्याला अशिक्षितांचा वापर म्हणत होते, तो त्यांच्यानंतरच्या काळात छापील पुस्तकांत, संपादकांच्या हाताखालून गेलेल्या मजकुरात, रुजला. एवढा स्वच्छ पुरावा मिळवायला एरवी वाचनालयात महिने घालवावे लागले असते.

याच्या जोडीला 'लेट ड्यू टू, लेट बिकॉज ऑफ, लेट ओइंग टू' आणि 'कॅन्सल्ड ड्यू टू, कॅन्सल्ड बिकॉज ऑफ' हेही शोध लहान अक्षरांत घ्या. 'लेट' विशेषण आणि 'कॅन्सल्ड' कृदंत, दोन्हींच्या पुढचा 'ड्यू टू' घटनेलाच टेकतो, त्यामुळे इथे गाळणी लागत नाही. 'कॅन्सल्ड' शोधताना संच सांभाळा. ब्रिटिश पद्धतीत त्यात दोन 'एल' असतात, अमेरिकन पद्धतीत एक. ब्रिटिश स्पेलिंग अमेरिकन संचात टाकून 'हा प्रयोग अमेरिकेत नाहीच' असं ठरवणं ही नेहमीची चूक.

उलट बाजूची खात्री करायला 'वॉज ड्यू टू द' आणि 'वॉज बिकॉज ऑफ द' टाका. 'वॉज'च्या पुढे 'ड्यू टू' कितीतरी वरचढ दिसतो. खोडणाऱ्यांच्या धसक्याने 'द डिले वॉज बिकॉज ऑफ रेन' लिहिणाऱ्यांनी हा आलेख आवर्जून पाहावा. ते वाक्य चूक नाही, पण लिहिणारे तिथे पूर्वीपासून 'ड्यू टू'च पसंत करतात.

साधनाच्या मर्यादा ठाऊक असायला हव्यात. एका शोधात जास्तीत जास्त पाच शब्द. 'द डिले वॉज ड्यू टू' मावतं, 'द ट्रेन वॉज लेट ड्यू टू' सहा शब्दांचं, ते चालत नाही. शिवाय किमान ४० पुस्तकांत न आलेला शब्दप्रयोग यंत्र दाखवतच नाही. म्हणून 'सापडलं नाही' याचा अर्थ 'चूक आहे' असा नव्हे. 'वॉज लेट ड्यू टू हेल' सापडला नाही तर त्यातून एवढंच कळतं की गारांमुळे उशीर झाल्याचं फारसं कुणी पुस्तकात छापलेलं नाही. असं झालं की नेमकेपणा कमी करा: शेवटचं नाम काढून टाका, किंवा त्या जागी नामाची खूण ठेवा.

तारांकनही उपयोगी पडतं. शब्दाच्या जागी तारा (*) टाकला की त्या जागी सगळ्यात जास्त येणारे दहा शब्द मिळतात. 'ड्यू टू'च्या आधी नामाची खूण लावलेला तारा टाकून बघा: लोक कुठल्या नामांना 'ड्यू टू' जोडतात त्याची यादीच समोर येते. ती यादी आपल्या 'झालेला' कसोटीवर घासून पाहणं हा चांगला अभ्यास आहे. मात्र तारांकन, शब्दाची सगळी रूपं शोधणं आणि मोठी-लहान अक्षरं एकत्र मोजणं या तिन्ही सोयी एकाच शब्दप्रयोगात मनासारख्या मिसळता येत नाहीत.

१८०० च्या आधीचे आकडे घ्यायचे तर जास्त सावध राहा. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या मधला 'एस' लांब दांड्याचा असायचा आणि तो 'एफ'सारखा दिसतो. यंत्राने पानं वाचताना 'बिकॉज'मधल्या 'एस'चा ठिकठिकाणी 'एफ' केला. त्यामुळे 'बिकॉज ऑफ' जुन्या काळात प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. 'ओइंग' आणि 'ड्यू'मध्ये 'एस' नाहीच, त्यामुळे ते या अपघातातून वाचले. म्हणजे अठराव्या शतकासाठी हे तीन प्रयोग शेजारी ठेवून केलेली तुलना मुळातच तिरकी. खात्री करायची तर 'बिकॉज'च्या स्पेलिंगमध्ये 'एस'च्या जागी 'एफ' लिहून शोधा. असा कुठला शब्दच नाही, तरी रेघ उमटते. नंतरच्या आवृत्त्यांत हा दोष कमी झाला आहे, गेलेला नाही.

आणखी एक गोष्ट आलेखावर लिहिलेली नसते. प्रत्येक पुस्तक एकदाच मोजलं जातं. लाखो प्रती खपलेली कादंबरी आणि दोन वाचनालयांत पडून असलेला तांत्रिक अहवाल, दोघांना सारखं वजन. विसाव्या शतकात या संचात शास्त्रीय आणि तांत्रिक लेखनाचा वाटा वाढत गेला, आणि अशा लेखनात 'ड्यू टू' भरपूर असतो: अमुक घट अमक्यामुळे, तमुक त्रुटी तमक्यामुळे. म्हणजे रेघेच्या चढणीतला काही भाग भाषा बदलल्याचा आणि काही भाग पुस्तकांचा मेळ बदलल्याचा. दोन्ही वेगळे करायला तोच शोध कथा-कादंबऱ्यांच्या संचात पुन्हा घ्या. तिथेही कल तोच दिसला तर विश्वास ठेवायला हरकत नाही. शिवाय ही फक्त छापील पुस्तकं आहेत. बोलण्यात काय चालतं, वर्तमानपत्रांत काय चालतं, हे इथे कळायचं नाही.

त्यासाठी 'कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश' हा आजच्या अमेरिकन इंग्रजी मजकुराचा संग्रह जास्त उपयोगी. १९९० ते २०१९ या काळातले शंभर कोटींहून अधिक शब्द, आणि बोलणं, कथा, मासिकं, वर्तमानपत्रं, शैक्षणिक लेखन असे आठ विभाग वेगवेगळे मोजता येतात. त्यात नाव नोंदवावं लागतं आणि पहिल्या दिवशी पडद्यावरची गर्दी बघून जीव घाबरतो. पण शब्दप्रयोग मधोमध आणि आजूबाजूला पूर्ण वाक्य अशी यादी मिळते. 'ड्यू टू'च्या वादात शेवटी वाक्यच वाचावं लागतं. एन्ग्राममध्येही आलेखाखाली वर्षांचे दुवे असतात आणि त्यातून पुस्तकांतली मूळ पानं उघडतात. आलेखावरून काहीही ठरवण्याआधी तिथली किमान वीसेक वाक्यं वाचावीत. एवढं केलं तरी देण्याघेण्याचे आणि वेळेचे 'ड्यू टू' किती घुसलेत याचा अंदाज येतो.

शब्दकोशांचं काय? मेरियम-वेबस्टरच्या मोफत संकेतस्थळावर 'ड्यू टू'च्या नोंदीखाली वापराविषयी टिपण आहे आणि त्यांची भूमिका स्पष्ट आहे: 'ओइंग' आणि 'ड्यू' यांच्या वापराबद्दलचे मतभेद अठराव्या शतकापासूनचे, 'ड्यू टू' व्याकरणाच्या दृष्टीने 'ओइंग टू'इतकाच पक्का, तो टाळायला ठोस कारण नाही. हे टिपण चांगलं आहे, थोडक्यात आहे, आणि ज्याने तुमचं वाक्य खोडलं त्याला दाखवता येण्याजोगं आहे. पण त्यावर विसंबून परीक्षेत किंवा कडक शैलीपुस्तिका पाळणाऱ्या नियतकालिकात वाद घालू नका. तिथे प्रश्न नियम कुणाचा पाळायचा हा असतो, आणि गुण किंवा मजकूर त्यांच्या हातात असतो.

व्याकरण तपासणारी सॉफ्टवेअर या बाबतीत सगळ्यात कमकुवत. शब्दांच्या ठरावीक जुळणीवर चालणारे तपासनीस 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' बरोबर पकडतात, कारण ती पाच शब्दांची न बदलणारी साखळी आहे. 'ड्यू टू' नामाला टेकला आहे की घटनेला, हे ओळखायला वाक्याची रचना उलगडावी लागते. ते न करणारा तपासनीस एकतर सगळे 'ड्यू टू' अधोरेखित करतो किंवा एकही करत नाही. दोन्ही निरुपयोगी. आणि 'ड्यू टू'च्या जागी घाईत 'डू टू' टाइप झालं तर साधा स्पेलिंग तपासनीस गप्प बसतो. दोन्ही शब्द त्याच्या यादीत आहेत.

आता ज्या चुका कुठल्याच मतभेदाचा विषय नाहीत, म्हणजे सरळ चुकाच आहेत, त्या बघू. मराठीतून इंग्रजीत येणाऱ्याच्या हातून त्या ठरलेल्या वाटेने होतात.

पहिली: 'ड्यू टू ही वॉज इल'. मराठीत 'मुळे' नामाला लागतो तसा क्रियापदाच्या रूपालाही लागतो: 'आजारामुळे' आणि 'आजारी असल्यामुळे'. इंग्रजीत 'ड्यू टू'च्या पुढे फक्त नाम किंवा नामासारखं काही चालतं. अख्खं उपवाक्य नाही. मराठीत 'ल्यामुळे' आलं की इंग्रजीत सरळ 'बिकॉज'. 'ड्यू टू हिज इलनेस' किंवा 'बिकॉज ही वॉज इल', दोन्ही ठीक. ज्यांना ही चूक जाणवते पण उपाय ठाऊक नसतो ते मध्ये 'द फॅक्ट दॅट' घुसवतात. व्याकरण सुटतं, वाक्य फुगतं. 'ड्यू टू द फॅक्ट दॅट' हे पाच शब्द काढा, एक 'बिकॉज' ठेवा.

दुसरी: 'द रीझन फॉर द डिले वॉज ड्यू टू रेन'. ही चूक पकडायला इंग्रजीची गरजच नाही. मराठीत म्हणून बघा: 'उशिराचं कारण पावसामुळे होतं'. कान लगेच टोचतो, कारण 'कारण' आणि 'मुळे' एकाच गोष्टीसाठी दोनदा आले. 'द रीझन वॉज रेन' किंवा 'द डिले वॉज ड्यू टू रेन', दोन्हींपैकी एक.

तिसरी, आणि आपल्याकडच्या इंग्रजीत फार रुळलेली: 'इट रेन्ड हेव्हिली, ड्यू टू विच द मॅच वॉज कॅन्सल्ड'. हा आपला 'ज्यामुळे' जसाच्या तसा. इंग्रजीत कानाला जड लागतं. 'सो' किंवा 'अॅज अ रिझल्ट' घेऊन वाक्य दोन तुकड्यांत केलं की मोकळं होतं. वरचा शोध घेताना 'ड्यू टू विच'ही टाकून बघा आणि दुव्यांवरची वाक्यं वाचा.

एका वाक्याला मात्र यांपैकी कुठलंच साधन हात लावत नाही: 'द मॅच वॉज नॉट कॅन्सल्ड ड्यू टू रेन'. मराठीतही ते तितकंच धूसर आहे: 'पावसामुळे सामना रद्द झाला नाही'. सामना झाला, आणि पाऊस असूनही झाला? की सामना रद्दच झाला, पण कारण दुसरं होतं? 'ड्यू टू'च्या जागी 'बिकॉज ऑफ' घातला तरी धूसरपणा तसाच राहतो, आलेखात दोघांच्याही रेघा दिसतात, शब्दकोश दोघांनाही मान्यता देतो. इथे नकार आणि कारण एकाच वाक्यातून बाहेर काढावे लागतात. सामना झाला असेल तर 'डिस्पाइट द रेन, द मॅच वेंट अहेड'. रद्द झाला असेल तर 'द मॅच वॉज कॅन्सल्ड, बट नॉट बिकॉज ऑफ रेन'.